पाहुणी नव्हे, घरची

४ ऑगस्ट १९९२, मंगळवार. पाचोऱ्याजवळचं गाव.

१. सकाळी ६.५० ला पाचोऱ्याला उतरले. गाडी ५५ मिनिटं उशिरा.
२. जीवरामनाना बैलगाडी घेऊन स्टेशनवर हजर. यांच्या केळीच्या बागेत आमच्या कंपनीचं ठिबक बसवायचं आहे.
३. कंपनीने ठरवलेली लॉजची खोली मी नाकारली. मुक्काम नानांच्या घरी.
४. घरात नाना, पत्नी भिकुबाई, मुलगा सुकदेव, सून कुंदा.
५. जळगावला नवं ऑफिस उघडणार. फील्ड ऑफिसरची एकच जागा. साहेब म्हणाले, लोकांत मिसळणारा माणूस हवा.

संकल्प: सात रात्री पाहुणी म्हणून राहायचं नाही. खाणं, बोलणं, उठणं-बसणं, सगळं इथल्यासारखं.

५ ऑगस्ट

अहिराणीचे ४० शब्द पाठ. प्रत्येक वाक्याला ‘शे’, म्हणजे ‘आहे’, लावते. बायका पदर तोंडाला लावून हसतात. जिव्हाळा लवकर जमला.

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापली. व्यास १४ सेंमी, जाडी असमान, तीन तुकडे. तुकडे म्हशीला घातले. भिकुबाई म्हणाल्या, म्हैसबी हुंगीसन सोडी दिनी. पाण्याचं प्रमाण तपासायला हवं. पिठात दोष असू शकतो.

६ ऑगस्ट

बागेची मापं घ्यायची होती. पाऊस. उद्या घेईन.

कुंदाने गोठ्यात हळू आवाजात सांगितलं: देवपूरच्या कॉलेजात डी.एड.ला तिचं नाव लागलंय. गुरुवारी, १३ तारखेला, पाच वाजेपर्यंत मूळ दाखले घेऊन स्वतः हजर व्हायचं. नाही गेली तर जागा दुसऱ्या मुलीला. दोन वर्षं मनधरणी केल्यावर सासू परवा ‘हो’ म्हणाली. कानबाईचा सण झाला की जा. मी म्हटलं, मी लक्ष घालते, भिकुबाई माझं ऐकतात. ती म्हणाली, ताई, तुम्ही फक्त काही बोलू नका. लाजाळू आहे.

७ ऑगस्ट

पाचोऱ्याच्या बाजारात बांगडीवाल्याशी सलग चार मिनिटं अहिराणीत बोलले. त्याने हिंदीत उत्तर दिलं. बहुधा तो बाहेरचा असावा.

मापं: एक ओळ झाली. बाकीच्या उद्या.

८ ऑगस्ट

उद्या कानबाई. श्रावणातला हा यांचा मोठा सण. घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, त्या पिठाचे रोट करतात. मुठींचं आकारमान वेगवेगळं असतं, हे मी दाखवून दिलं. मोजपात्र देऊ केलं. नाना म्हणाले, देवीले लीटर समजस नही बेटा.

माझ्या नावाची मूठ कधी घेणार, हे विचारलं. भिकुबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, तू तं आमनी आंडेर शे. आंडेर म्हणजे मुलगी. वहीत दोनदा अधोरेखित.

९ ऑगस्ट, रविवार

नारळाला डोळे, नथ, दागिने लावून देवी मांडली. सगळे भाऊबंद आले. साधारण साठ माणसं.

मला ओट्यावर वेगळं पान. वरण-भात. म्हणजे अजून पाहुणीच. हे सहन करणं संकल्पाविरुद्ध होतं. स्वयंपाकघरात गेले. रोटांच्या टोपलीपाशी कुंदा एकटी बसलेली. म्हणाली, नका ना ताई, रोट फक्त भाऊबंद खातात, बाहेरच्याला दिला तर घराला लागतं. तिने टोपलीवर हात आडवा धरला. मी तिला आंडेर या शब्दाचा अर्थ समजावला आणि हात बाजूला केला. दीड रोट खाल्ला. चव बरी. मीठ कमी.

अंगणात येऊन सर्वांसमोर म्हणाले, रोट भलता गोड शे.

सगळ्यांचे हात पानावरच थांबले. अंदाजे अकरा सेकंद.

कुंदाच्या एका चुलतसासूने विचारलं, पाव्हनीले आमनं कुळ कव्हय लागनं वं माय? पाहुणीला आमचं कुळ कधीपासून लागलं, असा आपुलकीचा प्रश्न. भिकुबाईंनी विचारलं, तुले रोट कोनी दिधा? खोटं बोलणं मला जमत नाही. जेवढं नक्की माहीत होतं तेवढंच सांगितलं: टोपलीजवळ कुंदा होती.

१० ऑगस्ट

नदीवर विसर्जन. मी फुगडी घातली. जोडीदारीण मध्येच हात सोडून गेली. घोटा मुरगळला. कुंदा मिरवणुकीत नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर बैठक. भावकीतले सर्वांत थोरले उखर्डूआबा बोलले. जिच्या राखणीत रोट बाहेर गेला, तिने सव्वा महिना गावची शीव ओलांडायची नाही. सुकदेव म्हणाला, आबा, गुरुवारी तिचं कॉलेज शे. आबा म्हणाले, कॉलेजले कानबाई माहीत शे का? भिकुबाई खाली बघत राहिल्या. म्हणाल्या, मी हो म्हनी व्हतू, आते मना तोंडले कुलूप.

उठून सांगावं असं वाटलं, की तिने दिला नाही, मी घेतला. वाक्य तयार होतं. पण बाहेरच्या माणसाने स्थानिक रीतीत ढवळाढवळ करू नये, हे इथल्यासारखं राहण्याचं पहिलं तत्त्व आहे. घोट्याला हळद लावून घेतली.

११ ऑगस्ट

निघाले. मापं एका ओळीची. नाना म्हणाले, ठिबक नको, आपला पाट बरा. रिपोर्टमध्ये लिहिलं: ग्राहक विचाराधीन.

कुंदाने माझी बॅग भरून दिली. एक शब्द बोलली नाही. शब्दांच्या पलीकडची जवळीक. स्टेशनवर सुकदेव म्हणाला, ताई, परत या असं म्हणत नाही मी. खानदेशी माणूस स्पष्ट बोलतो. हेच मला आवडतं.

१३ ऑगस्ट, गुरुवार. पुणे. सायंकाळी ५.००

घड्याळ पाहिलं. बरोबर आहे.

१७ ऑगस्ट

साहेबांनी रिपोर्ट वाचला. ‘स्थानिक जीवनाशी एकरूपता’ हे नऊ पानांचं प्रकरण उलटून विचारलं, ऑर्डर मिळाली का? मग म्हणाले, दुसरा उमेदवार तिकडचाच, पारोळ्याचा आहे. तुमच्याबद्दल त्या गावातलं कुणी चांगलं लिहून देईल का? मी म्हटलं, अर्थात.

घरी येऊन यादी केली. नाना: नाही. भिकुबाई: लिहिता येत नाही, आणि नाही. सुकदेव: नाही. उरली एक.

पत्राची नक्कल:

चि. कुंदा हिस,
मी तुमच्याकडे सात दिवस घरच्यासारखी राहिले, असं चार ओळींत लिहून पाठवावं. घरातल्या कुणाची सही मिळाली तर उत्तम, नाहीतर तुझी चालेल. तुझं अक्षर चांगलं आहे आणि सध्या तुला वेळ असेल. शीव न ओलांडण्याचा नियम टपालाला लागू नसावा. शंका असल्यास आबांना विचार. पत्ता लिहिलेलं पाकीट तिकीट लावून सोबत जोडलं आहे. सोमवार, ३१ ऑगस्टपर्यंत उत्तर माझ्या हातात पडेल, अशा बेताने पाठव.