एक तास बॅटरीवर

३ फेब्रुवारी, सकाळी ९
नवी वही. आजपासून रोज लिहिणार.
मुख्यालयात 'सौर नियोजन प्रमुख' असं पद निघतंय. सगळ्या विमानतळांवर सोलर आणि बॅटरी बसवायचं काम. आमचे संचालकसाहेब म्हणाले, आपलं टर्मिनल एक तास निव्वळ बॅटरीवर चालवून दाखवा, तुमचं नाव मी स्वतः पाठवतो. म्हणजे पद माझंच. बावीस वर्षं या विमानतळाची वीज सांभाळतोय, दुसऱ्या कोणाचं असणार?
संकल्प : मोजणी स्वतः करायची. कोणावर चिडायचं नाही.

४ फेब्रुवारी
चिडलो. हाताखाली एक ज्युनिअर इंजिनीअर बाई आहेत. हुशार आहेत, पण प्रत्येक गोष्टीत शंका. मनातल्या मनात मी त्यांना शंकासुर म्हणतो. आज म्हणे, सर, पॅनेलवरून चमकणारं ऊन कंट्रोल टॉवरवाल्यांच्या डोळ्यांवर जाईल का ते आधी तपासू या. तपासा म्हटलं. आता चार दिवस यातच जाणार.

१० फेब्रुवारी
काय योग जुळून आलाय! रनवेच्या डांबरीकरणासाठी विमानतळ आठवडाभर बंद. टर्मिनलमध्ये चिटपाखरू नाही. विजेच्या मीटरशेजारी खुर्ची टाकून निवांत आकडे घेता येतात. एरवी गर्दीत मोजणी धड होत नाही, सारखं कोणीतरी टॉयलेट कुठे आहे ते विचारतं. शंकासुर म्हणाल्या, विमानं सुरू झाल्यावर मोजू या ना. मी म्हटलं, बाई, एकाग्रता नावाची काही चीज असते.

१५ फेब्रुवारी
मोजणी पूर्ण. टर्मिनलला लागतात एकशे दहा किलोवॅट. दर अर्ध्या तासाचा आकडा, सुवाच्य अक्षरात. शेजारच्या विमानतळाने खोलीभर बॅटऱ्या घेतल्या, आपलं दोन कपाटांत भागतंय! साहेब खूश. दोनदा विचारलं, नक्की पुरेल? मी नुसता हसलो.
घरी हिला म्हटलं, सामान आवरायला घे, मुख्यालयात जायचंय. ही म्हणाली, आधी पत्र येऊ दे. हिला मेलीला कसली म्हणून हौस नाही.

१९ फेब्रुवारी
विमानं सुरू. शंकासुर मीटरचा फोटो घेऊन हजर. पाचशे साठ. त्यांना समजावलं की लोक आठवड्याने आलेत, उत्साहाच्या भरात वीज जास्त जाते. बसेल खाली.

२६ फेब्रुवारी
पाचशे ऐंशी. उत्साह टिकून आहे. शंकासुरांनी आता मला लेखी दिलंय. अक्षर काही माझ्याइतकं चांगलं नाही.

१२ जून
मध्यंतरी लिहिणं जमलं नाही. मोठी कामं करणाऱ्यांचं असंच होतं.
पार्किंगच्या छपरावर पॅनेल बसली. बॅटरीची कपाटंही आली, देखणी आहेत. चाचणी ७ जुलैला. शंकासुरांनी हट्टाने रनवेचे दिवे आणि टॉवर चाचणीतून वगळायला लावले, त्यांची वीज वेगळी चालू राहणार. अशाने अविश्वासाचं वातावरण तयार होतं.
जाता जाता पुन्हा म्हणाल्या, सर, अजून वेळ आहे, आकडा चुकला म्हणून साहेबांना सांगू या आणि कपाटं वाढवून मागू या. आता आकडा बदलायचा? मग ते पद? नाही म्हटलं. दुपारभर तीच फाइल उघडून मिटत होतो. चहा जास्त झाला असणार.

२ जुलै
नीट विचार केला. बॅटरी लहान नाही, विमानतळ मोठा आहे. तासाभरापुरता तो जरा आवरला की झालं. बंद ठेवायच्या गोष्टी : सरकता जिना, हात वाळवायची यंत्रं, जाहिरातींचे बोर्ड, अर्धे दिवे, सगळे एसी. याला लोड मॅनेजमेंट म्हणतात. हिने विचारलं, मग विमानं तरी कशाला उतरवताय?
संकल्प : तांत्रिक विषय घरी काढायचे नाहीत.

७ जुलै, सकाळी ८
नवा सूट. दोन विमानं भरून येणार आहेत. येऊ देत की. सूटची बटणं दोनदा चुकीची लावली, तेवढं सोडलं तर मी एकदम शांत आहे.

७ जुलै, दुपारी ३
बरोबर दहाला बाहेरच्या विजेचा मेन बंद केला. टर्मिनल चालू राहिलं! साहेबांनी माझा हात हातात घेतला. पहिली दहा मिनिटं झकास. मग लोक बोर्डिंग पासाने वारा घ्यायला लागले. एका बाळाने भोकाड पसरलं. त्याच्या आजीने थेट साहेबांना गाठून विचारलं की माणसं उकडायला ठेवलीत की काय. साहेबांनी माझ्याकडे न बघता एसी लावायला सांगितला. नेमका तेव्हाच बॅगांचा पट्टा सुरू झाला. दहा वाजून चौदा मिनिटांनी सगळं गेलं. इतकी शांतता पसरली की ते बाळसुद्धा गप्प झालं.
अर्ध्या मिनिटात मेन परत आला. शंकासुर दहा वाजल्यापासून स्विचपाशीच उभ्या होत्या.
साहेबांनी विचारलं, मोजणी कधी केली होती? मी तारखा सांगितल्या. साहेब म्हणाले, त्या आठवड्यात आपल्याकडे एक तरी विमान उतरलं होतं का?
बाईंकडे त्यांच्या फेब्रुवारीतल्या पत्राची प्रत होती. ती त्यांनी फाइलमधून बाहेर काढली नाही. काढली असती तर निदान चिडता तरी आलं असतं. फार लाज वाटली.

९ जुलै
एकूण विचार करता चाचणी चौदा मिनिटं यशस्वी झाली. अहवालात तसं लिहिलं. साहेबांनी 'यशस्वी' खोडलं.

२१ जुलै
पत्र आलं. पद बाईंना.
हिला सांगितलं. मला वाटलं, आता ऐकवणार. पण नुसती शेजारी येऊन बसली. मला रडू आलं. चष्मा पुसत बसलो.

३० जुलै
उद्या बाईंचा निरोप समारंभ. साहेब म्हणाले, भाषण तुम्हीच करा. हा मान आहे की शिक्षा, विचारायचा धीर झाला नाही. मसुदा :
'माझ्या मार्गदर्शनाखाली बाईंनी...' खोडलं.
'आम्ही दोघांनी मिळून...' खोडलं.
'बाईंनी मला तीनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.'
हे खोडायला काही कारण सापडेना. मग ही वही मागे चाळून पाहिली. 'तीनदा' खोडून 'चारदा' केलं.