आई शेवटी काय म्हणाली

३ जुलै
ती. ताईस, धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

आईचं दुखणं हटत नाही. पायऱ्या चढवत नाहीत, तरी रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेला कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून येतेच, आणि माझं प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावरून डोळे वटारते. पॅरिशमधली सगळी कुटुंबं मला फादर म्हणून मान देतात, माझी आई तेवढी देत नाही. तुझ्या जागेवर अजून पिशवी ठेवते. परवा एक पाहुणी तिथे बसली, तर तिला उठवलं.

तू चर्चमध्ये लग्न केलं नाहीस याचा राग तिने धरून ठेवलाय, मान्य. पण ती खंगत चाललीय गं. रुसवा बाजूला ठेव आणि निघून ये.

लोभ आहेच, त्यात थोडी भर घाल.
तुझा धाकटा

९ जुलै
चि. फादर यांस अनेक आशीर्वाद. (फादरला चिरंजीव म्हणणारी आता मी एकटीच असेन.)

पिशवीचं मला सांगू नकोस. मोकळी जागा दिसली की ती पिशवी ठेवतेच. या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस, असं ती तोंडाने म्हणाली होती. आता ये, हेही तिने तोंडानेच म्हणायला हवं.

तू विचार तिला. झगा काढून, तिचा मुलगा म्हणून विचार की ताई येऊ का म्हणतेय. तिने नुसतं हो म्हटलं तरी कापड मशिनवर तसंच टाकून निघेन.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे हे वेगळं लिहायला नको.
ताई

२० जुलै
चि. धाकट्यास,

तार मिळाली तशी निघाले. अंत्यविधीला मी शेवटच्या बाकामागे उभी होते. तू मला पाहिलंस आणि प्रार्थनेत अडखळलास. तुला भेटायचा धीर झाला नाही, तशीच परतले.

फाटकाशी शेजारच्या काकू भेटल्या. सांगत होत्या, शेवटच्या दिवशी तू दार लावून आत बसलास आणि आई बराच वेळ बोलत होती. फादरपुढे दिलेली पापांची कबुली गुप्त असते हे मला कळतं. पण क्रुसाची खूण तुला मी शिकवली रे, उजवा हात कुठला तेही तुला कळत नव्हतं. त्या हक्काने मागते. तिने माझं नाव मायेने काढलं असेल तर पत्र नेहमीसारखं 'ती. ताईस' असं सुरू कर. नसेल तर 'प्रिय ताई' लिही. बाकी एक शब्द सांगू नकोस. मला झोप लागत नाही.

तुझी, मानलंस न मानलंस तरी ताईच

२६ जुलै

वर मुद्दामच मायना लिहिला नाही. खूण करणं म्हणजेही सांगणंच, आणि कबुलीत ऐकलेलं मला मरेपर्यंत सांगता येत नाही. नाव काढलं की नाही, एवढंही नाही. यावरून कसलाच अर्थ काढू नकोस, हात जोडतो.

त्या दिवशी तुझं आधीचं पत्र खिशातच होतं. एका लग्नाची मिस्सा संपली, लोक फोटोला उभे राहत होते, तेवढ्यात काकू धावत आल्या. घरी पोचलो तर आईला धाप लागलेली. वाटलं, कबुलीवाचूनच जाते की काय. दारातच स्टोल, कबुली ऐकताना घालायचा तो पट्टा, गळ्यात घातला आणि काकूंना बाहेर पाठवलं. स्टोल घालून कबुली ऐकायला बसलो की तिथे बोललेलं सगळं देवाचं. आधी नुसती खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो असतो, तर ती जे बोलली असती ते आज तुझ्या पदरात टाकलं असतं. पण मी घाबरलो. तुझा निरोप मागाहून देऊ म्हटलं. क्षमेची प्रार्थना म्हणून झाल्यावर स्टोल काढला, तेव्हा ती शुद्धीत नव्हती. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, ताई येऊ का विचारतेय. पुन्हा पुन्हा सांगितलं. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

मी फादर व्हावं म्हणून तिने गुडघे झिजवले. शेवटी जे काही बोलली, ते त्या फादरशी बोलली. मुलगा म्हणून मी तिचा हात हातात घेतला, तोवर तिचं बोलणं संपलं होतं. मलाही ती काही बोलली नाही, ताई.

राग धर, पण मला टाकू नकोस. आता तूच आहेस.
तुझा भाऊ