अर्थिंग आणि मेव्हणा

३ फेब्रुवारी
प्रयोगाच्या सिग्नलमध्ये अजून तीच घूं घूं. विभागप्रमुखांनी बजावलं, सोमवारी उपकरणांची रॅक चालू झाली नाही तर प्रयोग शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाईंच्या गटाकडे. माझा प्रयोग, बाईंकडे! संकल्प: चिडायचं नाही. चिडलो.

४ फेब्रुवारी, दुपारी
सापडलं! सगळा दोष अर्थिंगचा. पॉवर सप्लायची हिरवी वायर कापली, घूं घूं गायब. बाई म्हणाल्या, अहो, ती वायर जीव वाचवायला असते. जळतात माझ्यावर.

५ फेब्रुवारी
रॅकला हात लावला की मुंग्या येतात. कोरडी हवा, दुसरं काय! उद्यापासून रबरी स्लिपर.

६ फेब्रुवारी
सुरक्षा विभागातून तपासणीला कोण यावं? सख्खा मेव्हणा! म्हटलं, झालं काम. तर हा पठ्ठ्या म्हणे, भावोजी, रॅकचं मागचं दार उघडून मीटर लावल्याशिवाय सही नाही. बायकोला म्हटलं, भावाला फोन कर. नाही म्हणाली. मी जेवलो नाही. मग केला. दार न उघडता सही झाली. माझ्या शब्दावर केलीय त्याने, असं बायको दोनदा म्हणाली. एवढं काय त्यात?

९ फेब्रुवारी
काही लिहिलं नाही. शुद्धीवर नव्हतो.

१० फेब्रुवारी, हॉस्पिटल
काल रॅक चालू केली. सगळे बघत होते. एक हात ऐटीत रॅकवर ठेवला, दुसरा पाण्याच्या पाइपवर. पुढचं आठवत नाही. आतली एक वायर सुटून पत्र्याला टेकली होती म्हणे. बाईंनी मेन स्विच पाडला. डावा हात भाजलाय. उजवा शाबूत, हे विज्ञानाचं नशीब.

११ फेब्रुवारी
मेव्हणा निलंबित. चौकशी समितीला म्हणाला, चूक माझी. ना बहिणीचं नाव घेतलं, ना माझं. समजूतदार आहे पोरगा. वायर मी कापली हे समितीला कळवायला हवं. उद्या नक्की. आज हात ठणकतोय.

१२ फेब्रुवारी
आजही ठणकतोय.

१३ फेब्रुवारी
बाईंचा फोन. अर्थिंग जोडून रॅक व्यवस्थित चालतेय. घूं घूं एका सैल स्क्रूमुळे होती. तो स्क्रू मीच बसवला होता.

संध्याकाळी बायको आली. म्हटलं, समितीला सविस्तर पत्र लिहायचा विचार आहे. म्हणाली, राहू दे, मी सकाळीच जाऊन सगळं सांगून आले. माझ्या फोनचंही, तुमच्या वायरचंही. तो माझा भाऊ आहे हो.

मला फार लाज वाटली.

घरी निघते म्हणाली. कुठल्या घरी, ते विचारायची हिंमत झाली नाही.