वहिनीचं तेल आणि प्रज्ञाचा पाय

बुवापाडा, अंबरनाथ
१४ नोव्हेंबर १९९६

दादा, वहिनी, दोघांना विठाचा जयभीम.

काल दारात आधी कोण आलं, तर प्रज्ञाचे सर, खांद्यावर तिची सायकल. नात दिसेना, मी उंबऱ्याबाहेर धावले. मागून ती लंगडत आली, वर हसत होती.

आपली पोर मोठ्या शर्यतीला उतरणार आहे. कोसभर पोहायचं, लगेच सायकल, मग धावायचं, मधी बसायचं नाही. ऐकून मलाच धाप लागते. पण अख्ख्या अंबरनाथात अशी दुसरी पोरगी दाखवा.

वहिनी, तुम्ही दिलेलं करडईचं तेल मी काल पहाटे सरावाला जाण्याआधी तिच्या पायांना चोळलं, तळव्यांनासुद्धा. बारवी धरणाच्या पाण्यातून निघून ती अनवाणी सायकलवर बसली नि पायडलवरून पाय सटकला. गुडघा फुटला.

सर म्हणाले, "पायाला काय लावलं होतंस?"

"काही नाही सर, ओले होते."

"एवढं भान नाही, तर तुला शर्यतीला नेऊ कसं?"

मी चहा गाळत होते. तशीच गाळत राहिले. पोरीनं माझ्याकडं बघितलंपण नाही.

तेलाला दोष नाही, हात माझा. वहिनी, तुमची कंबर कशी आहे?

न्यायचं की नाही ते सर येऊन सांगणार. त्याआधी मीच बोलणार, तेल मी लावलं म्हणून. रविवारी सकाळी आठला येतो म्हणालेत.

तुमची विठा