पिवळा दिवा जाईना

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
अणदूर, ता. ५ ऑगस्ट २०२४

ती. दादास, आरोहीचा सा. न. वि. वि.

तालीम संपेपर्यंत तुमचे फोन जमा, म्हणून हे कागद काळे करणं आलं. इकडं सगळे बरे आहेत, गाडी सोडून.

तू छावणीत गेल्यापासून तुझी मोटारसायकल मी चालवते, हे अप्पांना पहिल्यापासून रुचलेलं नाही. पण नळदुर्गच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं सकाळी सातला येऊन बसतात, आणि तेवढ्या लवकर एसटी नाही. म्हणून ते गप्प होते. परवा मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागला तो जाईना. त्यावर कसलं तरी चित्र आहे. आई म्हणते कासव. शेजारच्या आयुबचाचांची मिनाज म्हणते नळाची तोटी. मला हेलिकॉप्टर वाटतं. गाडी पळते, पण चढाला धापा टाकते.

सिद्धाराम मिस्त्रीनं वाकून बघितलं आणि म्हणाला, याला शोरूमचं मशीन लागतं, तोवर चालवा नाहीतर उभी करा. अप्पांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. दिवा जाईपर्यंत गाडी हलणार नाही, असा हुकूम झालाय. किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. शोरूमला टेम्पोतून नेऊ म्हटलं, तर म्हणाले गाडीची वरात काढायची का. लॅबच्या मॅडमनी महिनाअखेरपर्यंत थांबते म्हटलंय, नंतर त्या दुसरी मुलगी बघणार. दादा, ही नोकरी मला सोडायची नाही. काय करू ते लवकर लिही.

वैतागलेली, पण लोभ मागणारी,
आरोही

छावणी, ता. ११ ऑगस्ट

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अगं शहाणे, ते कासव नाही, तोटी नाही, हेलिकॉप्टर तर मुळीच नाही. ते इंजिन आहे. पिवळा दिवा म्हणजे गाडी म्हणते आहे की मला जरा बघा. तू धुताना सीटखाली पाइप मारला असशील, खरं सांग.

बॅटरीच्या वायरी घट्ट आहेत का बघ. मग किल्ली फिरव, पण गाडी चालू करू नकोस. दिवा लुकलुकेल, काही वेळा लांब, काही वेळा आखूड. लांब किती, आखूड किती, तेवढं कळव. त्यावरून आजार कळतो. अप्पांशी वाद घालू नकोस. त्यांचा राग भाकरी खाईपर्यंतचा असतो.

आईच्या पायांवर डोकं. तुझा, कवायतीत दोन दिवस उन्हात उभा राहिलेला,
कुलदीप

अणदूर, ता. १७ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

पाइप मारला नव्हता. फडक्यानंच पुसते. वायर एक ढिली होती ती आवळली, दिवा तसाच.

लुकलुकण्याचं म्हणशील तर डोकं फिरायची वेळ आली. अप्पा खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले आणि मी किल्ली फिरवली. मी एक आकडा मोजला, मिनाजनं दुसरा, आईनं तिसराच. परत मोजलं तर तिघींचे आकडे बदलले. कुठलं लांब आणि कुठलं आखूड यावरून आई आणि मिनाज भांडल्या. आयुबचाचा म्हणाले पेट्रोलमध्ये पाणी असेल. म्हणून पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत धरलं, त्यात पाणी दिसेना. आईनं संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी गाडीची दृष्ट काढली. काहीच कळेनासं झालंय.

अप्पा मात्र नुसते गाडीकडं बघत बसतात. मला वाटतं, दिवा जाऊच नये असं त्यांच्या मनात आहे. हे लिहू नये, पण तसंच वाटतं.

तुझी रुसलेली बहीण,
आरोही

छावणी, ता. २२ ऑगस्ट

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघींनी मिळून जे तीन आकडे मोजले, त्यांनी माझंही डोकं फिरलं. इथं मल्हार म्हणून पोरगा आहे, त्याचं गॅरेज होतं. त्याला चढाच्या धापा सांगितल्या. तो म्हणतो, आकडे सोड, हवा बघ. बाजूचं झाकण काढ, आत काळा डबा आहे, त्याचे स्क्रू खोल. त्यात हवेचा फिल्टर असतो.

आणि एक ध्यानात ठेव. दोष काढला तरी दिवा लगेच जात नाही. गाडी चार-सहा वेळा नीट चालवली की तिची खात्री पटते, मग जातो.

तुझा दादा,
कुलदीप

अणदूर, ता. २७ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

डबा खोलला. आत सगळं पिवळंजर्द. भंडारा, दादा! फिल्टरच्या घड्यांत हळद गच्च बसलेली, आणि कोपऱ्यात धोतराच्या तुकड्यात बांधलेली अर्धी रिकामी पुरचुंडी. गाठ बघितल्याबरोबर कळलं. तशी गाठ आपल्या घरात एकच माणूस मारतं.

अप्पा खुर्चीतून न उठताच म्हणाले, तू पहिल्या दिवशी निघालीस, त्याच्या आदल्या सांजेला ठेवला. खंडोबाचा भंडारा सीटखालच्या तेलकट पान्या-पकडींत कसा ठेवायचा? सिद्धारामनं सर्व्हिसिंगला तो डबा खोललेला त्यांनी बघितला होता, गाडीत तेवढीच जागा त्यांना स्वच्छ दिसली. मला हसायला हवं होतं, पण रडूच आलं. मागच्या पत्रात त्यांच्याबद्दल लिहिलं ते फाडून टाक.

फिल्टर नवा टाकला. धापा गेल्या, दिवा आहेच. चालवल्याशिवाय तो जायचा नाही, आणि तो गेल्याशिवाय अप्पा चालवू द्यायचे नाहीत. महिना संपत आला. पुढं काय, मला खरंच कळत नाही.

तुझी,
आरोही

अणदूर, ता. ३ सप्टेंबर

चि. कुलदीपला अप्पाचा आशीर्वाद.

पत्राची सवय न्हाय, चुकलंमाकलं सांभाळ.

दिव्याचं कोडं म्याच घातलेलं, ते मलाच सोडवाया लागलं. म्हणलं, चालवायची तर म्या मागं बसतो. पोरीच्या मागं बसून निघालो तर येशीत पारावरचा बिराप्पा हसला. हसू दे. पहिल्या दिशी मागची कडी गच धरून डोळे मिटून बसलो. दुसऱ्या दिशी डोळे उघडले. पोरगी खड्डा लांबूनच वळखती, ट्रकला वाट देती, तुझ्यावानी कट मारत न्हाय. तिला लॅबला सोडून किल्ली घिऊन म्या एसटीनं माघारी यायचो, सुट्टीच्या येळंला परत जाऊन मागं बसायचो. मॅडमनी नोकरी ठेवली.

काल नळदुर्गच्या अलीकडं दिवा गेला. तिचं ध्यान रस्त्यावर, तिला दिसलं न्हाय. मला तिच्या खांद्यावरून दिसलं. लॅब येईपतोर म्या गप बसलो. उतरल्यावर सांगितलं आन् किल्ली तिच्या हातात दिली. भंडाराबी हातातच दिला, आता तो तिच्या भाकरीच्या डब्याच्या पिशवीत असतो.

आज ती एकटी गेली. म्या येशीपतोर मागं बसलो, तिथं उतरून पायी घरी आलो. उद्याबी तेवढं बसंन म्हणतो. ती काय न्हाय म्हणत न्हाय.

जपून ऱ्हा. तुझ्या आईला दोन ओळी जास्त लिही.
ज्ञानोबा