टिल्डा पलंगावर कशी आली

सोल्वेग,

टॅक्सी आलीय, निघतो. तू सोफ्यावर गाढ झोपलीयस, म्हणून उठवत नाही. कुबड्या घेतल्यात, चष्माही घेतलाय.

माझ्या पलंगावरच्या चादरी पुन्हा धुवाव्या लागतील. त्यांवर टिल्डाचे केस आहेत. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पलंगावर कुत्रं नको, हा हॉस्पिटलचा कागद तू फ्रिजवर चिकटवलायस, ठाऊक आहे. हॉस्पिटलनं दिलेल्या जंतुनाशक साबणानं मला घासून आंघोळ घातलीस, धुतलेल्या चादरी घातल्यास, स्वतः सोफ्यावर गेलीस. आणि मी असा वागलो. आत्ता त्याच साबणानं दोनदा आंघोळ केलीय, नर्सलाही खरं सांगणार आहे. या खुब्याच्या ऑपरेशनसाठी आपण दोघं तीन वर्षं थांबलो. त्यांनी मला परत पाठवलं, तर टिल्डावर चिडू नकोस. चौदा वर्षांच्या कुत्रीला उडी कुठली जमतेय? मीच तिला उचलून वर घेतलं, खुबा ठणकत असताना.

घाबरलो होतो गं. हाक तुलाच मारायची होती. पण तू "काय झालं?" म्हणून विचारलं असतंस. ती विचारत नाही.

हेन्निंग