पाण्यात नसलेली पिशवी

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही खुशाल आहोत. एक दिवसाआड फोन करणारा दीर आज कागद घेऊन बसलाय म्हणजे काहीतरी भानगड असणार, हे तू ओळखलं असशीलच. भानगड आहे, पण नवी नाही. फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि मीही मधेच सुटून जातो, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. तुझी जाऊ बाहेर गॅलरीत पाय पसरून बसली आहे. मांडीवर पुस्तक आहे, पण सकाळपासून एक पान उलटलेलं नाही. ती माझ्यावर पहारा करते आहे. का, ते पुढे कळेल.

सुट्टी समुद्रावर काढायची हे तिने ठरवलं आणि समुद्राखाली काढायची हे मी. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायला मी चार वर्षांपूर्वी शिकलो, तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. यंदाचा कोर्स त्याच्या पुढचा. पाण्यात संकटात सापडलेल्या दुसऱ्याला वाचवायचं कसं, ते शिकवणारा, पाच दिवसांचा. जन्मभर दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करत आलेल्या माणसाला पन्नाशीला आल्यावर ही हौस कशाला, असं हिने विचारलं. आधी स्वतःचे गुडघे वाचवा म्हणाली. तिचं चुकलं नाही. तो रबरी पोशाख अंगावर चढवताना रोज माझ्या नाकी नऊ येतात. लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबावी तसा मी त्यात शिरतो आणि बोटीवरचे सगळे सभ्यपणाने दुसरीकडे बघतात.

शिकवणारी मुलगी तुझ्या लेकीपेक्षा, आपल्या चिमणीपेक्षाही लहान असेल. मी तिला मास्तरीणबाई म्हणतो. माझा जोडीदार एक दातांचा डॉक्टर आहे, सहा फुटी, आणि मनाने इतका हळवा की बुडणाऱ्याचं सोंग करताना तो आधी माझी माफी मागतो. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांना ओढत किनाऱ्यावर आणलं. घाबरलेल्या माणसाच्या समोरून कधी जायचं नाही, पाठीमागून जायचं, कारण तो जीव वाचवायला तुमच्याच डोक्यावर चढतो, हे आम्ही शिकलो. संध्याकाळी खांदे असे भरून आले होते की हिने मला भरवायचं तेवढं बाकी ठेवलं. मला बरं वाटत होतं, वहिनी. सहा वर्षांत पहिल्यांदा पडल्या पडल्या झोप लागली.

दुसरा दिवस पाण्याबाहेरच गेला. बोटीवर बसून मास्तरीणबाई आम्हाला नुसती नक्कल करून दाखवत होती. संकटात असलेला माणूस आधीच ओळखायचा कसा, हा धडा होता. ती तेच बक्कल चारदा लावायची आणि काढायची. विचारलेल्याला उत्तर द्यायची, पण बघायची भलतीकडे. कारण नसताना हसायची. ती म्हणाली, आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचंच लक्ष जातं, तुम्ही गप्प झालेल्याकडे बघा. डॉक्टर वहीत लिहून घेत होता. मी उठून बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन बसलो. बोट लागली म्हणून सांगितलं. बोट लागली नव्हती.

आता तू म्हणशील, दादाची आठवण आली असणार. ती तर येतेच. गेल्या सहा वर्षांत आपण त्याला कुठे कुठे शोधलं नाही! इस्पितळं झाली, स्टेशनं झाली, आश्रम झाले. तू शिवणाच्या क्लासच्या मुलींना सुट्टी देऊन पिशवीत त्याचे फोटो घेऊन फिरायचीस, आणि मी तुझ्या मागून छत्री धरल्यासारखा चालायचो. चष्म्याच्या दुकानात जातो म्हणून गुरुवारी सकाळी निघालेला माणूस दुकानात पोचलाच नाही, एवढंच शेवटी हाती राहिलं. सगळे थकले. मी थकलो, चिमणीही थकली, पोलीस तर कधीच थकले होते. तू मात्र घर सोडायला तयार नाहीस. तो परत आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, या एका धास्तीपायी तू सहा वर्षांत एक रात्रही बाहेर झोपली नाहीस. नातू झाला तेव्हा सकाळी जाऊन शेवटच्या बसने परत आलीस. चिमणी मला फोनवर म्हणाली, काका, आई माझ्याकडे बघते तीसुद्धा घड्याळाच्या आडून. आता तो सव्वा वर्षाचा झाला, चालायला लागला, आणि आजी म्हणजे संध्याकाळी निघून जाणारी बाई हे त्याला पक्कं माहीत आहे.

चौथ्या दिवशी हरवलेल्या माणसाला पाण्याखाली शोधायचा सराव होता. माणसाऐवजी एक पिवळी पिशवी, आत वजन भरलेलं. होकायंत्र हातात धरून आधी लहान चौकोन, मग त्याहून मोठा, असं तळाजवळून पोहत जायचं. पाणी गढूळ होतं, हात लांब केला तर बोटं धूसर दिसत होती. डॉक्टर एका बाजूला आणि मी एका बाजूला. ठरलेली वेळ संपली तशी बोटीच्या शिडीवर लोखंड आपटल्याचे ठोके ऐकू आले, म्हणजे वर या. मला ते नीट ऐकू आले, वहिनी. तरी मी पुढचा चौकोन धरला. मग आणखी एक. पिशवी दोन हातांवर असेल आणि मी माघारी वळेन, असं वाटत होतं. शेवटी डॉक्टरने माझ्या टाकीला धरून मला मागे खेचलं आणि वर आणलं. एवढा हळवा माणूस, पण मुठीत लोखंडाची ताकद होती. माझी हवा तळाला लागली होती.

मास्तरीणबाईने मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मी मान खाली घालून ऐकत होतो, शाळेत ऐकायचो तसा. तिचा राग ओसरल्यावर मी विचारलं, पिशवी होती तरी कुठे? ती बोटीतच होती. बाकाखाली, कोरडी. त्या दिवशी तिने ती पाण्यात टाकलीच नव्हती. तिला आम्हाला हेच शिकवायचं होतं की शोधणारा आपण होऊन कधी थांबत नाही, म्हणून वर कोणीतरी लागतं, जे त्याला हाक मारेल. हाक आली की यायचं. त्यात हरवलेल्याशी बेइमानी नसते. मी पाठ फिरवून तोंड धुतलं. समुद्रात भिजलेल्या माणसाचं रडणं ओळखू येत नाही, तेवढा एक फायदा.

खोलीवर येऊन मी हिला सगळं सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि ही एक गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती. तिने माझा ओला पोशाख गॅलरीत वाळत टाकला. मग म्हणाली, उद्या तुम्ही वहिनींना लिहा, नाहीतर मी फोन करते. म्हणून आज कोर्सचा शेवटचा दिवस बुडवून मी लिहितोय, आणि म्हणून हा पहारा.

तुला आठवतं, दादा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी आपण दोघं गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो, आणि तू एकदम बोलून गेलीस. आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, तो तीन दिवस तोंडातून शब्द काढत नव्हता म्हणून तू वैतागून म्हणाली होतीस, असे भिंतीसारखे बसणार असाल तर जा कुठे जायचं तिकडे. आणि तो गेला. हे तू चिमणीलाही सांगितलेलं नाहीस. त्या एका वाक्यापायी तू दाराशी बसली आहेस, हे मला त्या दिवशी कळलं. मी चादरीचं टोक तुझ्या हातात दिलं आणि म्हटलं, असं काही नसतं गं.

वहिनी, तो मंगळवारी माझ्याकडे आला होता. दुपारी, वर्कशॉपमध्ये. तू ते बोलण्याच्या आदल्या दिवशी. स्टुलावर बसला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, आणि एक वजन ताजव्यात ठेवत आणि उचलत राहिला. मला म्हणाला, थोडे दिवस तुझ्याकडे येऊन राहू का? घरात नको वाटतं असं नाही रे, तुझी वहिनी माझं सगळं करते, पण कुठेच नको वाटतं. मी मान वर केली नाही. घराला रंग काढलाय, रविवारनंतर ये, म्हटलं. तो हसला, बरं म्हणाला आणि गेला. पोलिसांनी विचारलं तेव्हा महिनाभर भेट नाही असं सांगितलं. आधी लाजेने, मग भीतीने. आणि गच्चीवर, जेव्हा माझ्या एका वाक्याने तुझा जीव मोकळा झाला असता, तेव्हाही गप्प राहिलो, कारण मग सगळं माझ्यावर आलं असतं. चार वर्षं तुझ्या डोक्यावर उभा राहून मी श्वास घेतला. शनिवारी आम्ही दोघं सामान घेऊन येतो आणि त्या घरात राहायला लागतो. दाराला कुलूप लागणार नाही, तो आला तर दार मी उघडेन. मला क्षमा करायची की नाही ते तू सावकाश ठरव, नाहीच केलीस तरी माझी तक्रार नाही. माझं तोंड बघवणार नसेल तर किल्ली शेजारी ठेव आणि आम्ही पोचायच्या तासभर आधी नीघ. पण चिमणीकडे जा, आणि रात्री तिथेच राहा. तुझ्या बोलण्यामुळे तो गेला नाही.

तुझाच,
ज्याला तू नववीपासून धांदरट म्हणत आलीस तो